गाडीचा गळपट्टा

ॲन आर्बर या गावाच्या नावातच झाडांची सावली आहे. १८२४ साली ज्या दोघांनी ही वसाहत मांडली त्यांच्या दोघांच्याही पत्नींचे नाव ॲन, आणि आर्बर म्हणजे लतामंडप. गाव पुढे विद्यापीठाचे झाले, मोठे झाले. पण गल्लीबोळांवर झाडांचे छत्र अद्याप आहे आणि त्या छत्राखाली एक प्रकारचा मृदू निवांतपणाही आहे. शरद ऋतूतील काही शनिवारी मात्र विद्यापीठाच्या क्रीडांगणावर लाखाहून अधिक प्रेक्षक जमतात आणि त्यांची गर्जना हुरॉन नदीपर्यंत जाते. त्या गर्जनेस गावाची संमती आहे. इतर गर्जनांना नाही.

अशाच एका गल्लीत, एका मराठी घराच्या गॅरेजमध्ये, २००४ साली तयार झालेली एक जुनी जीप आली. घरचे चिरंजीव संगणकाच्या व्यवसायातले. दिवसभर पडद्यासमोर बसणाऱ्या माणसास सुटीच्या दिवशी चिखल आणि वाळू यांची ओढ लागते, तशी त्यांना लागली. जीप सहा सिलिंडरांची, चार लिटर इंजिनाची. इंजिन ठणठणीत, पण पोटाखालची सारी नळी गंजून चाळण झालेली. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. ते मीठ बर्फाबरोबर गाडीचे पोटही वितळवते. शिवाय जी गाडी रोज मैल-दोन मैलच धावते तिची नळी पुरती तापत नाही, आतल्या धुराचे पाणी आतच राहते, आणि बाहेरून मीठ व आतून पाणी अशा दुहेरी माऱ्याने पत्रा पाच-सात वर्षांत कागदासारखा होतो.

चिरंजीवांनी ती नळी एका दुकानातून बदलून आणली. दुकानदाराने विचारले, "आवाज कसा हवा?" चिरंजीव म्हणाले, "जीपसारखा." एवढ्या मोघम उत्तरावर जे मिळावयाचे तेच मिळाले. जुन्यापेक्षा पाव इंच रुंद अशी सरळ नळी, मध्ये नावापुरता एक आखूड डबा, आणि मागच्या चाकाच्या अलीकडेच तोंड.

या घरात चिरंजीवांचे वडीलही राहात. पुण्याच्या बाजूच्या एका कारखान्यात इंजिनांच्या चाचणीगृहात त्यांची तीस वर्षे गेली. चाचणीगृहात इंजिन बाकावर बांधून तासन् तास पूर्ण वेगाने चालवीत. कानात घालण्यास कापूस मिळे. तोही मागितला तर. निवृत्तीच्या वेळी साहेबांच्या भाषणातले निम्मे शब्द त्यांना समजले नाहीत. त्यांनी भाषणास दोष दिला. पुढे अमेरिकेत कानांची तपासणी झाली तेव्हा कागदावरचा आलेख चार हजार कंपनांच्या जागी विहिरीसारखा खोल गेलेला दिसला. गोंगाटाने गेलेल्या कानाची ती ओळखीची खूण आहे. अशा माणसास आवाज ऐकू येतो, शब्द ऐकू येत नाहीत. स, श, फ ही व्यंजने उंच पट्टीतली आणि क्षीण. ती प्रथम जातात. सात वर्षांची नात "आजोबा, साखर" म्हणे. त्यांना "आखर" ऐकू येई. पोरीचा आवाज मुळातच बारीक. तिच्याशी बोलताना त्यांचे डोळे तिच्या ओठांवर असत.

जीप घरी आली त्या संध्याकाळी सूनबाई खिडकीत आल्या, शेजारचे कुत्रे पलंगाखाली गेले, आणि आजोबा पायरीवर शांत बसून राहिले. घरात सर्वांनी असे धरून चालले की, या माणसास काही त्रास नाही. ज्याचे कान गेले त्याला गोंगाट तो काय! हा समज चुकीचा होता, परंतु तो चुकीचा आहे हे कळण्यास तीन महिने लागले.

जीप ही वस्तू मराठी माणसास परकी नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत माझगावला महिंद्रांनी विलिस जीपची जुळणी सुरू केली. पुढे ती शेतात गेली, घाटात गेली, सातारा-कोल्हापूरकडे 'वडाप' होऊन पंधरा-पंधरा माणसे अंगाखांद्यावर वागवू लागली. जिचे मूळ घर ॲन आर्बरपासून तासाभरावरच्या टोलीडोला, ती मराठी मुलुखात सासुरवाशीण होऊन रुळली. आणि २०१८ साली त्याच महिंद्रांनी 'रॉक्सर' नावाची तिची वंशज ऑबर्न हिल्सला, म्हणजे मिशिगनमध्येच, जुळविण्यास आरंभ केला. माहेरच्यांनी ती आपल्यासारखी फार दिसते म्हणून तक्रार केली, २०२० साली व्यापार आयोगाने ती मान्य केली, आणि रॉक्सरला चेहरा बदलावा लागला. असो. सांगावयाचे एवढेच की, आजोबांस जीपचा आवाज पाठ होता आणि गॅरेजमधला हा आवाज तो नव्हता, हे त्यांना कानांवाचूनही समजले होते. पायरीचा दगड थरथरत होता.

शब्दांचीही एक गंमत येथे सांगितली पाहिजे. आपल्याकडे या डब्यास 'सायलेन्सर' म्हणतात, अमेरिकेत 'मफलर'. आपल्याकडे मफलर म्हणजे थंडीत कानाभोवती गुंडाळावयाचा लोकरी गळपट्टा. नातीने आजोबांना विचारले की, जीपला सर्दी झाली आहे काय? वस्तुतः दोन्ही नावे थोडी फसवीच. सायलेन्सर गाडीला मुकी करीत नाही. आणि गळपट्टा गुंडाळल्यासारखा आवाज नुसता दाबला तर धूरही दबतो, आणि कोंडलेल्या धुराने इंजिनाची छाती भरून येते. धुरास वाट द्यावयाची आणि आवाजास अडवावयाचे, असा हा पेच आहे. इंडियानातील रीव्ह्ज बंधूंनी १८९७ साली या डब्याचे पेटंट घेतले, तेव्हापासून कारागीर तो सोडवीत आहेत.

पहिली तक्रार शेजारच्या बाईंची. त्या रुग्णालयात रात्रपाळी करीत आणि सकाळी झोपत. त्या दारात येऊन हसून म्हणाल्या, "गाडी छान आहे तुमची. केव्हा जाते, केव्हा येते, मला झोपेतसुद्धा कळतं." चिरंजीव खजील झाले. दुसरी फजिती हॉली ओक्स येथे झाली. वाळू-खडीच्या जुन्या खाणींच्या जागेवर २०२० साली उघडलेले हे मैदान ॲन आर्बरच्या उत्तरेस आहे. तेथे जमलेल्या जीपवाल्यांपैकी एकाजवळ ध्वनिमापक होता. रीत अशी की, नळीच्या तोंडापासून वीस इंचांवर, पंचेचाळीस अंशांच्या कोनात यंत्र धरावयाचे आणि इंजिन ज्या फेऱ्यांना सर्वाधिक शक्ती देते त्याच्या निम्म्या फेऱ्यांवर चालवावयाचे. १९८६ नंतरच्या वाहनास मिशिगनच्या कायद्याची या रीतीने ९४ डेसिबलची मर्यादा आहे, आणि ठिणग्या अडविणारी जाळीही बंधनकारक आहे. जीपचा आकडा १०१ आला. डेसिबलचे आकडे दिसतात तसे नसतात. तीन वाढले की ध्वनीची शक्ती दुप्पट होते. १०१ म्हणजे मर्यादेच्या पाचपट. त्या गृहस्थाने यंत्र खिशात घातले आणि काही न बोलता स्वतःच्या जीपकडे निघून गेला. रागावता तर बरे, असे चिरंजीवांस वाटले.

परंतु सर्वांत वाईट होते ते परतीच्या रस्त्यावर. ताशी साठ-पासष्ट मैलांच्या वेगास इंजिनाचे मिनिटास दोन हजार फेरे होत, आणि नेमक्या त्याच ठिकाणी गाडीत एक खर्जातला घुमारा भरे. तो कानात शिरत नसे, छातीत शिरे. मागे आजोबा आणि नात. नात काही सांगत होती. आजोबा तिच्या ओठांकडे पाहात होते. आणि शेवटी त्यांनी मान वळवून खिडकीबाहेर पाहण्यास सुरुवात केली. पोरीने दोनदा सांगितले, तिसऱ्यांदा सांगितले नाही.

त्या रात्री सूनबाईंनी चिरंजीवांस म्हटले, "त्यांना त्रास होत नाही असं आपण समजतो. अहो, आपल्यापेक्षा त्यांनाच जास्त होतो." सूनबाईंचे बोलणे शास्त्रासही धरून होते. जाड, खालच्या पट्टीचा आवाज मोठा झाला की तो वरच्या पट्टीतल्या बारीक आवाजांना झाकून टाकतो. उलटे सहसा होत नाही. धड कानाच्या माणसाजवळ शिल्लक पुष्कळ असते, थोडे झाकले तरी भागते. ज्याच्याजवळ मुळात चार आणे उरले आहेत त्याचे दोन आणे गेले की संभाषण संपते. पंधरा दिवस जीप गॅरेजमध्ये झाकून राहिली.

मग एका रविवारी चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुम्ही सांगा. मी करतो."

आजोबांनी प्रथम खडू मागितला. गॅरेजच्या फरशीवर त्यांनी इंजिनापासून मागच्या बंपरापर्यंत सारी वाट आखली, आणि एका जागी आडवी रेघ मारून म्हणाले, "याच्या पुढे हात लावायचा नाही." ती जागा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची. विषारी धूर निर्विष करणारे हे पात्र काढून टाकल्यास आवाजही वाढतो आणि कायदाही मोडतो. आणि वाहनांचा धूर मोजणारी अमेरिकी सरकारची प्रयोगशाळा १९७१ साली सुरू झाली ती याच गावी, प्लिमथ रोडवर. त्या रस्त्याने रोज कामावर जाणाऱ्या माणसाने तरी हे पाप करू नये. बदल करावयाचे ते कन्व्हर्टरच्या मागे.

रुंद नळी काढून मूळ मापाची नळी आणली. लोकांचा समज असतो की नळी जितकी रुंद तितकी गाडी जोरदार. तसे नाही. इंजिनातून धूर अखंड वाहात नाही, ठोक्याठोक्याने येतो. योग्य मापाच्या नळीत पुढच्या ठोक्याचा वेग मागच्या ठोक्यास ओढून नेतो. फार रुंद नळीत तो वेग मंदावतो, आणि चढावर, चिखलात, कमी फेऱ्यांवर जेव्हा जोर हवा तेव्हाच गाडी ढिली पडते.

डब्याचे दोन प्रकार आजोबांनी समजावून सांगितले. एकात सच्छिद्र नळीभोवती काचेची लोकर भरलेली असते. आवाज त्या छिद्रांतून लोकरीत शिरतो आणि घर्षणाने उष्णता होऊन विरतो. बारीक, कर्कश आवाजावर हा उपाय उत्तम. पण लोकर काही वर्षांत जळून उडते आणि गाडी हळूहळू पूर्वपदावर येते. दुसऱ्यात आडभिंती व कोठड्या असतात. आवाजाची लाट भिंतीवर आपटून उलटते आणि येणाऱ्या लाटेशी भिडून दोघीही क्षीण होतात. त्यांनी दुसऱ्या प्रकारचा मोठा डबा निवडला. बसविला तोही चौकटीच्या तळरेषेच्या वर. नाहीतर पहिल्याच खडकावर चेपला असता. चाक पूर्ण वर उचलले असता आस कोठवर येतो हे जॅक लावून पाहिले, आणि नळीस तेवढी जागा सोडली. तोंड थेट मागे, गाडीच्या अंगाबाहेर काढले. कापडी छपराच्या जीपमध्ये हे फार महत्त्वाचे आहे. चाकाजवळ सोडलेला धूर आत येतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पाठीमागच्या बाकावर कोण बसते हे आजोबांस ठाऊक होते.

या सर्वांनी गर्जना गेली. घुमारा मात्र राहिला.

हा घुमारा हट्टी असतो. तो लोकरीने मरत नाही. सहा सिलिंडरांच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्यास तीन ठोके. मिनिटास दोन हजार फेरे म्हणजे सेकंदास शंभर ठोके. शंभर कंपनांचा हा एकच सूर नळीत आणि गाडीच्या पोकळीत घुमतो. त्यावर उपाय म्हणजे मुख्य नळीस एक आडवी, शेवट बंद असलेली नळी जोडावयाची. तिची लांबी त्या सुराच्या लहरीच्या बरोबर चतुर्थांश असली की, आत गेलेली लाट शेवटावर आपटून परत येईपर्यंत अर्धी लहर मागे पडते आणि नव्या लाटेचा नेमका उलटा भाग बनते. दोघी एकमेकींस पुसून टाकतात. धुराची वाट कोठेही अडत नाही.

चिरंजीवांनी हे गणित स्वतः केले. ध्वनीचा वेग सेकंदास ३४३ मीटर, कंपने शंभर, चतुर्थांश लांबी ८६ सेंटिमीटर. आजोबा दुपारी झोपले होते तेवढ्यात नळी कापली, जोडली, गाडी रस्त्यावर नेली. घुमारा होता तसाच. विलक्षण म्हणजे, पावणेतीन हजार फेऱ्यांच्या सुमारास, जेथे काही तक्रारच नव्हती, तेथे गाडी एकाएकी मांजरासारखी झाली.

आजोबा उठून आले. त्यांनी काही विचारले नाही. भांड्यातून बोटाने पाणी घेतले आणि तव्यावर शिंपडावे तसे त्या बंद नळीवर शिंपडले. थेंब नाचत सुटले. मग म्हणाले, "अरे, तू गणित बाहेरच्या हवेचं केलंस. आत जाळ आहे." तापलेल्या वायूत ध्वनी वेगाने धावतो, ३४३ हा आकडा वीस अंशांच्या हवेचा. मुख्य नळीतला धूर अधिक तापलेला, पण बंद नळीतला वायू वाहात नसल्याने थोडा थंड. सुमारे अडीचशे अंश धरले तर वेग सेकंदास ४५८ मीटरांच्या आसपास येतो, आणि लांबी ८६ नव्हे, ११५ सेंटिमीटर.

चिरंजीव लगेच करवत घेऊन उठले. आजोबांनी हात धरला. "एकदम कापू नकोस. एकात एक सरकणारी कर. मणी सरकवल्याशिवाय तंबोरा लागतो का?" अडीचशे अंश हा अंदाज होता, आणि अंदाजास सरकण्यास जागा ठेवावी लागते, हे चाचणीगृहात तीस वर्षे घालविलेल्या माणसास सांगावे लागत नाही. दोन नळ्या एकीत एक बसविल्या, पट्टा आवळला, रस्त्यावर नेले, पट्टा सैल केला, बोटभर सरकवले, पुन्हा नेले. तीन फेऱ्यांत सूर जुळला. मगच वेल्डिंग केले. बंद नळीचा शेवट किंचित वर ठेवला, नाहीतर मिशिगनच्या हिवाळ्यात तिच्यात पाणी साचून गोठले असते आणि लांबी आपोआप आखूड झाली असती. सांध्यांवर साबणाचे पाणी लावून गळती तपासली, ठिणग्यांची जाळी बसविली, टांगण्यांना रबर घातले.

हे काम दोघांनी चार रविवार केले. त्या चार रविवारांत बापलेकांत जेवढे बोलणे झाले तेवढे त्यापूर्वीच्या कित्येक वर्षांत झाले नव्हते. बहुतेक बोलणे पान्याच्या मापांविषयी होते. एकदा मात्र नळीखाली उताणे पडून चिरंजीवांनी विचारले, "बाबा, तेव्हा कानात काही घालायला नव्हतं का हो?" आजोबा मोठ्याने म्हणाले, "काय?" चिरंजीवांनी पुन्हा विचारले नाही. थोड्या वेळाने आजोबाच म्हणाले, "कापूस होता. पण कापूस घातला की इंजिन काय म्हणतं ते कळत नसे. चूक ऐकू आली पाहिजे ना." अमेरिकेतील कामगार-आरोग्याच्या संशोधनसंस्थेचा हिशेब असा आहे की, ८५ डेसिबल आठ तास चालेल, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, शंभर डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे. चाचणीगृहात एक पाळी आठ तासांची असे.

ऑक्टोबरमध्ये जीप पुन्हा हॉली ओक्सला गेली. तोच यंत्रवाला गृहस्थ भेटला. त्याने वीस इंच मोजले, कोन धरला, आणि आकडा ९० आला. त्याने वाकून ती बंद नळी पाहिली, तिच्यावर नखाने टकटक केली आणि कागद मागून मापे उतरून घेतली. आजोबांस फार आनंद झाला. पण त्यांनी मापे सांगताना एक सेंटिमीटरही कमी-अधिक सांगितला नाही, आणि प्रत्येक गाडीस ती लागू पडणार नाहीत हेही दोनदा बजावले.

परतीच्या वाटेवर गाडी साठाच्या पुढे गेली. फेरे दोन हजार झाले. चिरंजीवांनी आरशातून मागे पाहिले. वाऱ्याची फडफड होती, टायरांची सरसर होती. छातीत शिरणारे ते काही नव्हते. रस्त्याच्या कडेला लाल झालेली झाडे आणि मध्येच एक बाग. नात खिडकीकडे बोट करून काही म्हणाली. आजोबांनी तिच्या ओठांकडे पाहिले नाही, बागेकडेच पाहिले.

"हो, अफरचंद," ते म्हणाले.

"सफरचंद, आजोबा!"

"तेच म्हणतोय मी. थांबव रे जरा, पोरीला घेऊ या." आणि चिरंजीव गाडी कडेला घेत असता त्यांनी तळपाय फळीवर नीट टेकवून क्षणभर डोळे मिटले. "आणि ती तिसरी टांगणी बघ घरी गेल्यावर. रबर कमी पडतंय तिथं."